वीस राप्पेनचा शूरवीर

नेसाने माहितीपत्रक काउंटरवर असं आपटलं की शाईची दौत हलली.

"हे कोणी लिहिलं?"

टपालखात्याकडून बर्नहून आलेले व्हीस साहेब रविवारच्या समारंभाची यादी तपासत होते. घोड्यांच्या टपालाच्या आठवणीत निघणाऱ्या नव्या तिकिटावर पहिला ठसा याच गावात बसायचा होता. त्यासाठी जुनी टपाल-बग्गी संग्रहालयातून काढून पिवळीधमक रंगवली होती, चार घोडे मागवले होते आणि पोरं आठवडाभर शिंगं फुंकून गावाचं डोकं उठवत होती.

"खात्याने लिहिलंय," ते म्हणाले. "काय झालं?"

"मोठ्याने वाचा की! नाही? मग मी वाचते. 'शूर गाडीवान लुत्सी काथोमास याने १९१४च्या हिमवादळात अंगावरचा डगला काढून प्रवासी बाईला पांघरला आणि मदत आणायला जाताना प्राण दिले. कंडक्टर मात्र टपाल आणि प्रवासी सोडून पळाला.' हा कंडक्टर माझा बाप. तुमाश डेरुंग्स. मी तीन वर्षांची होते तेव्हा."

तिच्या मागे, दाराशी, बाल्त्सर काका टोपी हातात घेऊन उभे होते. काका म्हणजे सख्खे नव्हेत. घाटापलीकडून आलेले सुतार. नेसा अकराची असताना तिची आई गेली आणि त्याच हिवाळ्यात हे गावात येऊन शेजारच्या गोठ्यावरल्या खोलीत राहिले. तिच्या घराचं छप्पर तेच दुरुस्त करायचे. शाळेत 'पळपुट्याची पोर' ऐकून ती रडत आली की जवाचं सूप तेच पुढ्यात ठेवायचे. तुमाशला चर्चच्या आवारात जागा द्यायलाही गावाने खळखळ केली होती, शेवटी कोपऱ्यात पुरला. तिथला लाकडी क्रूस कुजला की काका नवा करून लावायचे. गावाला काय त्याचं! रविवारी प्रार्थना करायची आणि सोमवारी कुजबुजायचं, एवढंच या गावाला येतं.

"बाई, रीतसर चौकशी झाली होती," व्हीस म्हणाले. "दोघांपैकी एक मदतीला गेला, एक पळाला. वाचलेल्या बाईने एवढंच सांगितलं. बर्फात तिला चेहरे दिसले नाहीत. पण तिच्या अंगावरचा डगला गाडीवानाचा होता."

"डगला बोलला का, मला कोणी पांघरला ते?"

"आणि तुमचे वडील सापडले ते बग्गीपासून कोसभर खाली."

"मदत खाली नाही तर काय आभाळात मिळते?"

व्हीसनी चष्मा काढून पुसला. "काथोमासचं तर प्रेतही मिळालं नाही. दरीने गिळलं त्याला."

"म्हणून तो देव! आणि माझा बाप सापडला, हा त्याचा गुन्हा!" नेसाचा आवाज चिरकला. तिने भिंतीवरच्या मोठ्या चित्राकडे बोट केलं. उंच टोपी, झुबकेदार मिशा, हातात शिंग, खाली किंमत वीस राप्पेन. "या गावात कोणी पाहिलाय का हा माणूस? घाटमाथ्यावर गाडीवान बदलायचा. हा पलीकडच्या उताराचा. आणि आता देशभर लोक याला जीभ लावून पाकिटावर डकवणार. त्यापेक्षा तुमचंच थोबाड छापा की!"

"जिवंत माणसाला आम्ही तिकिटावर घेत नाही, बाई," व्हीस हसले. "कडक नियम आहे. मी मेल्यावर बघू."

"चेष्टा सुचतेय तुम्हाला!"

"नेसा," काका हळूच म्हणाले, "जाऊ दे. घरी चल."

ती गर्रकन वळली. "जाऊ दे, जाऊ दे! एकतीस वर्षं तुमचं हेच पालुपद. एकदा तरी माझ्या बापासाठी तोंड उघडलंत? तुम्हाला काय कळणार, पळपुटा म्हणवून घेणं म्हणजे काय ते!"

काकांनी मान खाली घातली.

नेसाला लगेच वाईट वाटलं, पण राग काही उतरला नाही. ती पुन्हा काउंटरवर ओणवी झाली. "ऐका. तुमचं तिकीट छापा. त्याला देव करा, वेदीवर बसवा, मला काही नाही. फक्त हे एक वाक्य खोडा. मला त्या थडग्यावर ताठ मानेने फुलं ठेवायचीत. एवढंच मागतेय."

"ते खोडलं तर दोघंही शूर ठरले," व्हीस म्हणाले. "मग पळालं कोण?"

नेसाने माहितीपत्रक मुठीत चुरगळलं.

व्हीस माणूस वाईट नव्हता, पण खात्याचा होता. त्यांनी खणातून एक कोरा अर्ज काढला. "तक्रार लिहून द्या. खाली गावातल्या एका रहिवाशाची साक्ष लागते. मी आजच बर्नला पाठवतो. पण खोटी आशा दाखवत नाही. नवा पुरावा नसेल तर रविवारी तिकीट निघणारच."

नेसाने उभ्या उभ्या लिहिलं, 'माझा बाप पळाला नाही.' पुढे काय लिहावं ते तिला सुचेना. तिने सही केली आणि कागद मागे सरकवला. "घ्या काका. निदान एवढं तरी करा माझ्यासाठी."

काका पुढे आले. टोपी काउंटरवर ठेवली. पेन हातात घेतलं.

"पूर्ण नाव लिहा, आजोबा," व्हीस म्हणाले. "कागदोपत्री असेल तेच."

काकांनी सावकाश, एकेक अक्षर काढत लिहिलं. व्हीसनी कागद फिरवून वाचला आणि नवा अर्ज शोधायला पुन्हा खण उघडला.

"चुकलात, आजोबा. हे तर तिकिटावरच्या माणसाचं नाव झालं. इथे तुमचं लिहायचंय."

"माझंच लिहिलंय," काका म्हणाले.