पहिलीची सर

माझ्या पुस्तकाची पहिली प्रत मी स्वतः उघडत नाही. धीरच होत नाही. ती प्लास्टिकसकट नवऱ्याच्या हातात द्यायची आणि तो काय म्हणतोय याची वाट बघत घरभर फिरायचं. पहिल्या कादंबरीला तो एका दिवसात "अप्रतिम!" म्हणाला होता. या दुसरीला त्याने तीन दिवस घेतले. मग चष्मा काढून म्हणाला, "बरी आहे. पण पहिलीची सर नाही."

"म्हणजे नेमकं काय?"

"आता यातली आईच घे. बोलते छान, पण पुठ्ठ्याची वाटते. पहिलीतली आई आठव! काय जिवंत बाई होती!"

सहा वर्षं खपले होते मी या कादंबरीवर. पुस्तक बाजारात पाठवू नका, असं प्रकाशकांना सांगायला फोन हातात घेतला, तेवढ्यात तोच वाजला. बाइंडर होते.

"ताई, मोठा घोटाळा झालाय. तुमच्या पहिल्या कादंबरीची नवी आवृत्तीही आमच्याकडेच बांधणीला होती. तुम्हाला पाठवलेल्या प्रतीला कव्हर नवीन लागलं, पण आतली पानं सगळी पहिलीचीच आहेत. नवी कादंबरी अजून इथेच पडून आहे. कुणी वाचायला तर घेतली नाही ना?"

समोर नवरा ती प्रत कपाटात पहिलीच्या शेजारी नीट लावून ठेवत होता.

"काळजी करू नका," मी म्हटलं. "आमच्याकडे पहिलीसुद्धा अजून कुणी वाचलेली नाही."