प्रत्येकाला वेगळी रिंगटोन

"स्क्रीनकडे न बघता सांगतो कुणाचा फोन आहे. घरातल्या प्रत्येकाला वेगळी रिंगटोन लावलीय," असं मी दातांच्या डॉक्टरला, म्हणजे माझ्या मेव्हण्यालाच, ऐटीत सांगितलं.

"वा," म्हणत त्याने माझ्या तोंडात माप घ्यायचा लगदा कोंबला. "आता हलायचं नाही, बोलायचं नाही. नाहीतर कवळी वाकडी होईल, भावोजी."

तेवढ्यात माझ्या खिशात कोल्हेकुई सुरू झाली.

त्याने फोन काढून बघितला. "अरे, आमच्या आईचा आहे."

मी घशातून नुसतं "अं अं" केलं. त्याने आईचा फोन कट केला, जरा विचार केला आणि स्वतःच्या मोबाईलवरून माझा नंबर लावला.

 

त्याच्या हातात गाढव ओरडायला लागलं.