शालूबायचा घाणा

पाच सवाशिणींनी आंब्याचा डहाळा बांधलेलं मुसळ उचलून धरलं, आणि मांडवातल्या झाडून साऱ्या बायका सुभद्राकडे बघायला लागल्या. वाडीत कुणाचंही लग्न असो, घाणा, म्हणजे मुसळाचं गाणं, सांगायचा तो सुभद्राने. गाण्यात नवरीचं नाव आलं की मुसळ उखळीत पडायचं, त्याआधी नाही; असे पाच घाव. नवरी, म्हणजे सुभद्राची भाची सीता, हळदीने माखून पाटावर बसली होती.

सुभद्रा मात्र खांबाला टेकून उभी.

"गो सुभद्रा, मुसळ किती वेळ धरून रवाचा? सांग बेगीन!" मुसळ धरलेली यमुनाबाई करवादली.

समोरून गुरुदासने, सीतेच्या बापाने, बहिणीला मानेनेच नको म्हटलं. मग डोळ्यांनी कोपऱ्यातला बाबू दाखवला. बाबू कणकवलीचा. चावीचा फोनो घेऊन लग्नांत भाड्याने वाजवत हिंडायचा, आणि दुकानात मुंबईच्या एका कंपनीच्या गाण्याच्या तबकड्या विकायचा. म्हणजे तो कंपनीचाच कान, असं गुरुदासने धरून ठेवलं होतं.

मुंबईच्या त्या कंपनीने दोन वर्षांमागे सुभद्राचा घाणा तबकडीवर घेतला होता. दर तबकडीमागे एक आणा रॉयल्टी, सहा महिन्यांनी मनिऑर्डर. कागदावर तिचा अंगठा घेतला. घाणा कंपनीच्या परवानगीशिवाय कुणापुढे गायचा नाही; दुसरी कंपनी ऐकेल, चोरेल, तुमचाच आणा बुडेल, असं साहेबाने समजावलं. आपल्या भल्याचंच सांगतोय बिचारा, असं तिला वाटलं. अंगठ्याची शाई दोन दिवसांत गेली.

सीतेच्या लग्नापुरती परवानगी द्या, म्हणून तिने मास्तरांकडून पत्र घातलं. उत्तर आलं. परवानगी देता येत नाही, गायल्याचं कळल्यास रॉयल्टी बंद होईल, लग्नासाठी तबकडीची एक प्रत विनामूल्य पाठवत आहोत. काय ती दानत! घर घेतलं आणि घरवालीला ओसरीवर बसायला पाट दिला.

सुभद्रा दोन पावलं पुढे आली. "दादा, एकच ओळ सांगतंय. चेडवाचा नाव घेतंय आणि गप रवतंय."

"आणि पैसे बंद झाले मगे?" गुरुदास दबक्या आवाजात म्हणाला. "तुझ्या रायल्टीच्या भरवशार सोनारशेटीन पाटल्यो उधार दिल्यान. पोरीच्या हातातल्यो काढून न्हेतलो तो. मांडवातसून. बघवात तुका?"

सुभद्राने सीतेच्या हातांकडे बघितलं. पिवळ्याधमक हातांत पिवळ्याधमक पाटल्या. ती मागे सरली.

विधवा बाई. मुसळाला हात लावायचा नाही, हळद लावायची नाही, ओटी भरायची नाही. गळ्याचा विटाळ तेवढा वाडीने कधी मानला नव्हता. आईवेगळ्या या पोरीला चार महिन्यांची असल्यापासून तिने वाढवली, आणि आज तिला द्यायला गळ्याशिवाय काही नव्हतं.

"लावू काय, काका?" बाबूने गुरुदासला विचारलं.

"लाव."

भोंगा खरखरला, आणि सुभद्राचाच आवाज मांडवभर झाला.

*मुसळ पडता उखळीत, गो, नाद गेलो दारी,*
*शालूबाय आमची, गो, निघाली सासरी.*

नाव आलं. बायकांच्या हातांना सवय. मुसळ धाडकन खाली आलं, भात उडाला. कुणीतरी हसून म्हणालं, "बरी गाता गो आमची सुभद्रा!" मुसळ पुन्हा वर गेलं.

ही शालूबाय कोण, ते सुभद्रालाही ठाऊक नव्हतं. तबकडी घेताना तिने विचारलं होतं, नवरीचा नाव खंयचा घालू? साहेब म्हणाला, घाला कुठलंही. सीता अगदी जिभेवर आली होती. तिने ती गिळली. लग्नाआधी पोरीचं नाव घाण्यात घेतलं तर ते उष्टं होतं, आणि सीतेचं नाव तिला उष्टं करायचं नव्हतं. म्हणून तोंडाला आलं ते घातलं. सीतेचं राखून ठेवलं, आजच्यासाठी.

*शालूबायच्या हातात, गो, हिरवो चुडो भारी...*

मुसळ पडत होतं. शालूबायच्या नावाने सीतेच्या लग्नाचा भात कांडला जात होता. तीन मिनिटांत तबकडी संपली, सुई नुसतीच घासत राहिली. चार घाव झाले होते. पाचवा राहिला होता. मुसळ वर, आणि बायका पुन्हा सुभद्राकडे बघतायत.

सीतेने हळदीचं तोंड वर केलं. लहानपणी ताप आला की जशी बघायची तशी बघत होती.

"आत्ये," ती म्हणाली, "माझा नाव घेतलंसच नाय. ह्या लगीन कोणाचा?"

सुभद्राचे ओठ उघडले. छाती भरून आली, सूर गळ्याशी आला. सीतेचं नाव, इतकी वर्षं राखलेलं, दातांपर्यंत आलं.

गुरुदासने बाबूला घाईघाईने हात केला. बाबूने चावी दिली आणि सुई उचलून पुन्हा पहिल्यापासून लावली.

सुभद्रा उघड्या तोंडाने उभी राहिली. भोंग्यातून ती गात होती. नाव आलं आणि पाचवा घाव पडला, शालूबायच्या नावावर.