रंगपेटी

लंडनमध्ये वाढलेली मुक्ता कॉमिक्स काढते. डब्लिनच्या एका दुकानात ती नव्या पुस्तकावर सह्या देत होती आणि तिथल्याच ब्युमॉन्ट हॉस्पिटलमधून आलेले तिचे डॉक्टर बाबा शेजारी घड्याळ बघत उभे होते. "पोरखेळ सगळा," ते पुटपुटले. लहानपणी तिची रंगपेटी कचऱ्यात फेकतानाही ते हेच म्हणाले होते. तिचं एकही पुस्तक त्यांनी आजवर उघडलं नव्हतं.

रांगेतल्या एका चिमुरडीने बाबांकडे पाहिलं आणि हातातली रंगपेटी झटकन पाठीमागे लपवली.

"हिला काय झालं? मी काय खातोय का तिचे रंग?" बाबा मुक्तावरच खेकसले.



मुक्ताने मधलं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. मुलांचे रंग कराकरा चावून खाणाऱ्या राक्षसाला त्यांचंच नाक होतं, त्यांचाच चष्मा.