सारखं माप

तुपाचा चमचा काठोकाठ भरला आणि राहीचा हात वाडग्यावर थांबला.

वाडग्यात नाचणीचं सत्त्व होतं, कोमट. मध घालून झाला होता, त्याच चमच्याने, काठोकाठ. आता तेवढंच तूप. श्रावण लागल्यापासून ती रोज सकाळी हेच करत होती. आंघोळ, देवपूजा, मग सासूचा हा वाडगा. देवाच्या पंचामृताला मात्र चमचे वेगळे. तिथं मध तुपापेक्षा जास्त. ते माप तिने कधी चुकू दिलं नाही.

माप शिकवलं होतं सासूनेच. लग्नानंतरच्या पहिल्या सत्यनारायणाला नव्या सुनेने मध आणि तूप एकाच चमच्याने सारखं ओतलं, तेव्हा यमुनाबाईंनी वाटी उचलून परसात पालथी केली होती. रागावल्या नव्हत्या. आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं की मध-तूप सारखं पडलं की त्याचं विष होतं. लगेच कळत नाही, हळूहळू भिनतं. मला माझ्या सासूनं सांगितलं, मी तुला सांगते.

आता यमुनाबाई मधल्या खोलीत खाटेवर होत्या. उजवी बाजू गेलेली, जीभ जड. दिवसाकाठी दोन-चार शब्द बोलल्या तर बोलल्या. त्यांना उचलायचं, कुशीवर वळवायचं, पुसायचं, सगळं राहीकडे. त्यात तिची कंबर गेली. चिपळूणच्या डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून बजावलं. मुलगी मनस्वी हात लावायची म्हणून निभत होतं.

मग मनस्वीला रत्नागिरीत नर्सिंगला जागा मिळाली. राहीने देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळी मुंबईहून महिपतचा फोन आला. तिचा नवरा कधी आवाज चढवायचा नाही, तेव्हाही चढवला नाही.

"आई आहे तोवर पोरगी घरीच राहील," तो म्हणाला. "पुढचं पुढं बघू."

फोन स्पीकरवर होता. मधल्या खोलीचं दार उघडं होतं.

कॉलेज दसऱ्यानंतर सुरू होणार होतं. दुसऱ्या दिवसापासून राहीने वाडग्याला एकच चमचा ठेवला.

मध वाडीतल्या बाळा मधवाल्याचा. वाडीच्या वरच्या अंगाला त्याच्या सातेरी मधमाश्यांच्या पेट्या होत्या. न तापवलेला, काळसर, जांभळीच्या फुलोऱ्याचा मध, घशाला किंचित कडवट लागणारा. घरात साखर नावालाच. कोकमाच्या सरबतात हाच मध, घावनाबरोबर हाच, मनस्वीच्या सकाळच्या लिंबूपाण्यातही हाच. पण अलीकडे बाटली लवकर रिकामी व्हायला लागली, आणि परवा नवी बाटली घेऊन आलेल्या बाळाने दारातूनच आत पाहिलं. यमुनाबाईंचे गाल भरले होते. पाठीवरच्या जखमाही सुकत आल्या होत्या.

"वहिनी, म्हातारी तुमच्या हातानं शंभरी गाठते बघा," तो हसून म्हणाला. "गावातल्या सुना शिकवणीला पाठवू काय तुमच्याकडं?"

राहीही हसली. आत येऊन तिने बाटली फळीवर ठेवली आणि स्वतःला समजावलं, हळूहळू भिनतं.

आज संकष्टी. पाण्याशिवाय पोटात काही नव्हतं. सकाळी यमुनाबाईंना वळवताना तिच्या कमरेत अशी कळ आली की ती खाटेची कड धरून तशीच वाकून राहिली. तेव्हा सासूचा डावा हात सावकाश सरकत आला. तिच्या कमरेवर टेकला. कोरडा, सुरकुतलेला तळवा बराच वेळ कमरेवरून फिरत राहिला. राहीने तोंड फिरवलं.

आणि आता तुपाचा चमचा वाडग्यात उपडा होईना.

तिने अर्धं तूप बरणीत परत ओतलं. उरलेलं अर्धं वाडग्यात घातलं. गजाननाचं नाव घेत ढवळलं आणि वाडगा घेऊन खाटेशी बसली. आता जे व्हायचं ते होवो, पोरगी घरी राहिली तर राहिली, असं तिने मनाशी म्हटलं. बऱ्याच दिवसांनी तिला मोकळा श्वास आला.

पहिला घास यमुनाबाईंनी तोंडात घोळवला आणि गिळला. दुसऱ्याला तोंड उघडलं नाही. वाडग्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"तूप कमी घातलंस."

शब्द सावकाश आले, पण स्वच्छ.

राही म्हणाली, तूप संपत आलंय. संकष्टीच्या दिवशी खोटं बोलल्याचं तिच्या तोंडून शब्द गेल्यावर लक्षात आलं.

"रोज सारखं असतं," यमुनाबाई म्हणाल्या.

राहीने पुढचा घास भरून चमचा तसाच पुढे केला. बाहेर अंगणात मनस्वी कपडे वाळत घालत होती. यमुनाबाईंनी मान जमेल तेवढी वळवून तिच्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने सुनेचं मनगट धरलं आणि चमचा वाडग्यात परत ठेवायला लावला.

"काय होत नाय गो त्यानं. माज्या सासूला मी पण घातलेलं. बारा वर्षं जगली."

त्या दमल्या. डोळे मिटून श्वास घेतला. राहीला वाटलं, झालं बोलून.

"दुसरं कायतरी बघ," डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "पोरीचं कॉलेज सुरू व्हायच्या आत."