सूचीत नसलेलं गाव

"आमच्या कुरंगवाडीचं सभागृहात कुणी नाव घेतलं होतं का, एवढंच बघा बाई," धोंडू गुरव फोनवर तिसऱ्यांदा म्हणाले. त्यांचं गाव धरणात गेलं, त्याला पन्नास वर्षं झाली होती. विधानसभेतल्या जुन्या चर्चा आता कुणालाही घरबसल्या वाचता याव्यात, म्हणून मोकाशीबाई त्यांची सूची करत होत्या. कुरंगवाडी शोधलं, तर संगणकावर काहीच येत नव्हतं.

बाईंनी धरणावरची चर्चा अख्खी वाचून काढली. माननीय सदस्य नऊ पानं भरून बोलले होते, पण बुडणाऱ्या गावांना सगळेच 'बुडीत क्षेत्र, गट चार' म्हणत होते. बाईंनी सूचीत कुरंगवाडी लिहिलं आणि पुढे त्या नऊ पानांचे क्रमांक घातले.

"सभागृहात जो शब्द उच्चारलाच नाही, तो सूचीत कसा?" कार्यालयातल्या साहेबांनी हटकलं.

"सूची शोधणाऱ्यासाठी असते, साहेब. गुरवबाबा काय 'गट चार' शोधणार आहेत?"

"ठेवा बाई. तुमच्याशी वाद कोण घालणार!"

मोकाशीबाईंनी लगेच फोन लावला आणि खरं तेच सांगितलं. "बाबा, नऊ पानं सापडली. पण नाव कुणीच घेतलेलं नाही."



"असू दे. घेतलं नाही, हे तरी आता सगळ्यांना वाचता येईल," गुरवबाबा म्हणाले. "आमच्या वरच्या अंगाला शिवणाची वाडी होती, नदीपल्याड बेलशेत. घेता लिहून?" आणि कीर्तनात बुवांनी नामगजर धरावा, तसे ते एकेक गाव सांगत गेले.