सगळं एका पातळीवर

पडद्यावरचा बाण पुन्हा थिजला. शांभवीनं माऊस हलवला, सोडला, परत हलवला. खिडकीवर पांढुरकी छटा पसरली आणि फाईल आपली आपण बंद झाली.

"परत?" पलीकडच्या टेबलावरून गणेशकुमारनं विचारलं. तो या लहानशा ऑफिसचा इंजिनियर, आणि मालकही.

"फ्लॅटनची, सगळं सपाट करायची कमांड दिली की फाईल मरते."

रेल्वे फाटकावरच्या नव्या पुलाचं ड्रॉइंग होतं ते. मोजणीवाल्यांनी प्रत्येक रेघेला जमिनीची खरी उंची चिकटवून पाठवली होती. त्या साऱ्या रेघा एका पातळीवर आणून सपाट नकाशा आज कचेऱ्या बंद व्हायच्या आत खात्याकडे जायला हवा होता. नाहीतर पूल पुढच्या वर्षावर गेला असता, आणि पुढच्या वर्षावर गेलेली कामं पुढं कुठं जातात हे तंजावुरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"पुलाच्या उताराखाली ज्यांची घरं जाणार, ते तरी खूश होतील," गणेशकुमार म्हणाला. "मंजुरीनंतर नोटिसा निघायच्या. बिचाऱ्यांना अजून पत्ताही नाही."

शांभवी हसली नाही. तिची लेक नंदिता त्याच बंद फाटकाशी, ऑटोत जन्मली होती. मालगाडी सरता सरेना. माय-लेकी वाचल्या ही देवाची कृपा. शेजारचे वैद्यनाथ आजोबा मात्र दवाखान्याच्या वाटेवर, फाटक उघडायच्या आतच गेले होते.

तिनं जयतीर्थमामांना फोन लावला. मामा नात्यानं नव्हेत. कॉलेज संपल्यावर ड्रॉइंगचं काम तिला त्यांनीच शिकवलं. निवृत्त होऊन त्यांनी गावाबाहेर कुठंसं घर बांधलं होतं. वास्तुशांतीला तिला जाता आलं नव्हतं.

"कोण? शांभवी? बोल गो."

तिनं भडाभडा सांगितलं.

"सरी, ठीक," ते म्हणाले. "आधी प्रत कर. मूळ फाईलला हात लावू नकोस. ऑडिट चालवून चुका काढ, मग वापरात नाही ते सगळं परज करून टाकून दे. ड्रोनचे फोटो जोडलेत? काढ ते. आता पूर्ण ड्रॉइंग एका नजरेत बघ."

तिनं पाहिलं. सगळा पूल मुंगीएवढा झाला होता.

"कुठंतरी लांब एखादी चुकार रेघ पडलीय. शोध नि पूस."

रेघ सापडली. पूल पडदाभर झाला. तिला हायसं वाटलं, पण फ्लॅटन दिलं तशी फाईल परत अडली.

"सगळं एकदम निवडलंस?"

"हो."

"घाई! एकेक लेयर, एकेक थर घे. झाडं कशी काढलीत? पान न् पान असेल. ते ब्लॉक काढून टाक, साधे गोल ठेव."

रस्ता सपाट झाला. गटारं झाली. विजेचे खांब झाले. उताराची लेयर मात्र हटून बसली. काही केल्या तिची उंची शून्यावर येईना.

"उतार सरळच आहे ना?" मामांनी विचारलं.

"नाही मामा, वळवलाय. सरळ आणला तर शाळा जात होती. पूर्वेला वळवलाय."

"पूर्वेला," मामा म्हणाले. फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मामा? आहात ना?"

"आहे."

"सोडून देऊ का? माझ्यानं होईल असं वाटत नाही." तिनं माऊस बाजूला सारला. "जाऊ दे पुढच्या वर्षावर."

मागं कुणीतरी विहिरीचा पंप चालू केला, बंद केला.

"सोडू नकोस," ते म्हणाले. "सगळं निवड. वर आभाळात सरकव, जितकं मोठं अंतर घालता येईल तितकं. मग तेवढंच खाली आण. उंचीचे बारीकसारीक आकडे त्या प्रवासात गळून पडतात."

तिनं श्वास रोखून दोन्ही कमांडा दिल्या. पडद्यावर काही बदललेलं दिसलं नाही. मग तिनं उताराच्या रेघेवर टिचकी मारली. उंची शून्य. दुसरी रेघ. शून्य.

"मामा! झालं!"

"तपासून मग पाठव," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

नकाशा वेळेत पोचला. गणेशकुमारनं सगळ्यांना दाट दुधाची डिग्री कॉफी पाजली. शांभवीच्या मनात मात्र एकच होतं: मामांच्या पायावर डोकं ठेवायचं.

रविवारी तिनं तिरुवय्यारूचा अशोका हलवा घेतला, मैत्रिणीकडून मामांचा पत्ता मिळवला आणि ऑटोवाल्याला दाखवला. तो गल्ल्यागल्ल्यांतून वळत गेला आणि एका टुमदार घरासमोर थांबला.

दार सीतालक्ष्मीमामींनी उघडलं. "ये ये! किती दिवसांनी गो! हे बाजारात गेलेत, येतीलच."

मामींनी तिला हात धरून सगळं घर फिरवलं. देवघराची कोनाडी मामांनी स्वतः आखलेली. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन थेट चुलीवर यावं अशी खिडकी. "आयुष्यभर दुसऱ्यांची घरं काढली यांनी," मामी म्हणाल्या. "हे एकच आपलं."

"मामी, परवा मामा नसते तर आमचा पूल बुडाला असता. कसे आभार मानू तेच कळत नाही."

"आभार कसले? तुझा फोन ठेवला तेव्हापासून गप्प गप्प आहेत खरे. विचारलं तर म्हणतात, पोरीचं काम झालं. चल, परसू दाखवते."

मागच्या दारात येताच शांभवीचे पाय थबकले. तुळशीकट्ट्याला लागून मोजणीची खुंटी रोवलेली होती. खुंटीवर तांबड्या रंगात शांभवीच्याच ऑफिसचं नाव होतं, आणि खाली लिहिलं होतं: उतार, मध्यरेषा.

"कोण रोवून गेलं कोण जाणे," मामी म्हणाल्या. "काल मी उपटायला निघाले होते, तर हे म्हणाले, राहू दे, चांगल्या कामाची आहे."